घरचा संगणक आणि ऑनलाइन धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची उत्तरं प्रामुख्याने विंडोज असलेल्या घरच्या संगणकासाठी आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तेच असतं. घरच्या संगणकात शिरायला चोराला सहसा काही फोडावं लागत नाही. घरातल्याच कुणीतरी घाईत बटण दाबलेलं असतं, फाइल उघडलेली असते किंवा परवानगी दिलेली असते. म्हणून सॉफ्टवेअरच्या नावांपेक्षा त्या घाईच्या क्षणांबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

माझ्या संगणकात चोरण्यासारखं आहे तरी काय?

डेस्कटॉपवर एकदा नजर टाका. महाडीबीटीचा किंवा मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना केलेले आधार, पॅन, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांचे स्कॅन अजून तिथेच पडलेले असतील. ब्राउझरमध्ये नेटबँकिंगचा पासवर्ड साठवलेला असेल. जीमेल तर कायम उघडंच असतं, आणि जीमेल ज्याच्या हाती गेलं त्याला 'पासवर्ड विसरलो' म्हणत तुमची बाकीची खातीही ताब्यात घेता येतात. लग्नाचे, बारशाचे फोटो चोराच्या काही कामाचे नाहीत, पण त्यांना कुलूप लावून तुमच्याकडून पैसे उकळता येतात.

शिवाय तुमचं नाव घेऊन कुणी तुम्हाला शोधत येत नाही. हे काम यंत्रं करतात आणि ती सगळ्यांचीच दारं ढकलून बघतात. 'लुमा' नावाचा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातल्या ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांत मायक्रोसॉफ्टला आढळला होता. असा प्रोग्राम काही मिनिटांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आत शिरलेले आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) गोळा करून पाठवतो. संगणक पुढेही नेहमीसारखाच चालतो, त्यामुळे काही झाल्याचं कळत नाही.

विंडोज १० मस्त चालतंय. बदलायलाच हवं का?

चालतंय म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडली की ती मोफत मिळते, पण नोंदणी आपण स्वतः करावी लागते.

अपडेट किती मोलाचे असतात ते २०१७ मध्ये दिसलं. १२ मे २०१७ ला फाइल्सना कुलूप लावून पैसे मागणारा 'वॉनाक्राय' पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतले संगणक ठप्प झाले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला त्यांना त्या फटीतून काही झालं नाही.

जुना संगणक विंडोज ११ ला चालत नसेल तर तो लगेच भंगारात काढायची गरज नाही. वापर इंटरनेट, पत्रं आणि व्हिडिओ एवढाच असेल तर लिनक्स मिंट टाका. ते मोफत आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि मराठीत टाइपही करता येतं. छापखान्याची किंवा अकाउंटची विंडोजवरची सॉफ्टवेअरं मात्र त्यावर नीट चालतील या भरवशावर राहू नका.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

बहुतेक घरांना गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, आणि तो चालू व अद्ययावत असेल तर घरगुती वापराला पुरतो. पुण्याच्या क्विक हीलचा डबा दुकानातून आणून त्यावरची की टाकायची सवय आपल्याकडे अनेक वर्षांची आहे. तो घेतलात तरी वाईट काही नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण करणार असाल तरच घ्या. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवून निर्धास्त बसणं धोक्याचं. एकाच वेळी दोन अँटिव्हायरसही ठेवू नका. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

त्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क घेतलीत तर मला जास्त बरं वाटेल. का, ते पुढे येईल.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असं येतं. काय करू?

हा बहुधा व्हायरस नसतो. कुठल्यातरी वेबसाइटवर, बहुतेकदा फुकट सिनेमा किंवा क्रिकेट बघताना, 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं. त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली आणि ती आता जाहिराती पाठवते आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' उघडा. परवानगी मिळालेल्या साइट्सच्या यादीत अनोळखी नावं दिसतील, ती काढून टाका. तिथेच 'साइट्सनी परवानगी मागूच नये' असाही पर्याय आहे, तोही निवडा. घरच्या संगणकावर याने फारसं काही अडत नाही.

अख्खी स्क्रीन भरून इशारा आला, भोंगा वाजतोय, खाली फोन नंबर आहे. फोन करू का?

नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. तो नंबर ठगांचा असतो आणि ते पान म्हणजे नुसतं वेबपेज असतं. एस्केप काही वेळ दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणा.

फोन केला तर काय होतं तेही सांगतो, कारण ते ठाऊक असलं की ऐन वेळी गोंधळ होत नाही. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलतो. 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' डाउनलोड करायला लावतो आणि त्यात दिसणारा नंबर वाचून दाखवायला सांगतो. त्या क्षणी तुमचा माउस त्याच्या हातात जातो. मग तो विंडोजचा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडतो. त्यात लाल खुणा प्रत्येकच संगणकावर असतात, पण तो त्यांना व्हायरस म्हणतो. दुसरा प्रकार परताव्याचा. तो तुम्हाला नेटबँकिंग उघडायला लावतो, स्क्रीनवरचा आकडा ब्राउझरमध्येच बदलतो आणि म्हणतो, चुकून जास्त पैसे गेले, फरक परत करा. खात्यात एक पैसाही आलेला नसतो.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही चांगली, कामाची साधनं आहेत. फोन तुम्ही स्वतः, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर केलेला असेल तरच ती वापरा. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर यात धरू नका, कारण तिथे ठगांचेही नंबर असतात.

अमेरिकेत राहतो. गावी आई-बाबांचा संगणक लांबून कसा सांभाळू?

सुट्टीत आलात की त्यांच्यासाठी 'स्टँडर्ड' खातं तयार करा आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खात्याचा पासवर्ड भावाकडे किंवा शेजारच्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा. रोजच्या वापरात त्यांना फरक जाणवणार नाही, पण संगणकाच्या मुळाशी हात घालणारं काही टाकायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जाईल. 'जरा थांबा, मुलाला विचारतो' असं म्हणायला तेवढं निमित्त पुरतं.

'डिजिटल अटके'बद्दलही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, आणि 'कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही' असा दम. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. माणसं बुद्धी कमी म्हणून यात अडकत नाहीत, एकटी पडली म्हणून अडकतात. 'असा फोन आला तर मध्यरात्री उठवलंस तरी चालेल' हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असेल, तर तो दम निम्मा तिथेच ओसरतो.

आणि तुम्ही स्वतःही सावध असा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले होते. तिथून अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावलं जात होतं.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर सगळेच वापरतात. त्यात एवढं काय?

क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर परवान्याशिवाय फुकट चालवणारी फाइल, टाकताना पहिली सूचना काय असते? 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या द्यायच्या. विंडोज किंवा ऑफिस फुकट 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारी साधनं, पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपचे क्रॅक, गेमचे चीट या सगळ्या वाटांनी घरगुती संगणकांत पासवर्डचोर आणि खंडणीखोर प्रोग्राम येतात.

आपल्याकडे याला एक खास मराठी कारण आहे. घरबसल्या डीटीपी करणारे, लग्नपत्रिका आणि अहवाल जुळवणारे, टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारे असे कितीतरी लोक 'मराठी फॉन्ट फुकट' शोधत फिरतात आणि कुठली तरी झिप फाइल उघडतात. त्याची आता गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करायचा. 'मुक्त', 'बलू', 'नोटो सान्स देवनागरी' असे सुंदर युनिकोड फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. ऑफिसऐवजी लिबरऑफिस, कोरलऐवजी इंकस्केप आणि पानं जुळवायला स्क्रायबस वापरून बघा. सुरुवातीचे काही दिवस हात अडखळेल, हे खरं. खात्रीची झिप नेहमी फॉन्टची फाइल देते. फॉन्ट म्हणून आलेल्या फाइलचं नाव 'डॉट इएक्सई' ने संपत असेल, म्हणजे तो प्रोग्राम असेल, तर ती लगेच काढून टाका.

सगळ्या फोटोंची नावं बदलली, उघडत नाहीत, आणि एक 'रीडमी' फाइल आली आहे. आता?

हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. आधी वायफाय बंद करा, केबल काढा आणि बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो ताबडतोब ओढून काढा. फॉरमॅट करायची घाई करू नका. कुलूप लागलेल्या फाइल्स आणि ती चिठ्ठी आहे तशी जपून ठेवा.

घरगुती संगणकांना सर्वाधिक छळणाऱ्या कुळांपैकी एक 'स्टॉप', म्हणजेच 'डेजाव्यू'. ते क्रॅकमधूनच पसरलं. त्याच्या चिठ्ठीत ९८० डॉलर मागायचे आणि ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. ही सवलत घाई करायला लावण्यासाठीच असते. या कुळाच्या १४८ प्रकारांवर एम्सिसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत साधन दिलं. नंतरच्या प्रकारांत प्रत्येक संगणकाला वेगळी किल्ली वापरली गेली असेल तर फाइल्स परत मिळत नाहीत. संगणकाला त्या वेळी इंटरनेट मिळालं नाही आणि सामाईक किल्ली वापरली गेली, तरच काही आशा असते.

म्हणून पैसे देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर जा. डच पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि मॅकअ‍ॅफी यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केलं. कुलूप लागलेली एक फाइल आणि चिठ्ठी तिथे टाकली की प्रकार ओळखला जातो, आणि उपाय असेल तर तो मोफत मिळतो. पैसे देऊ नका असंच मी सांगेन. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कुणी देत नाही, आणि तुम्ही पैसे देणारे आहात हे मात्र त्यांना कळतं.

डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' ही सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला ती तुमच्या फोटो आणि कागदपत्रांच्या फोल्डरला हात लावू देत नाही. ती आपोआप चालू नसते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली ती सापडेल. कधीकधी एखाद्या सरळ प्रोग्रामलाही अडवते, तेव्हा त्याला तिथूनच परवानगी द्यायची.

मग बॅकअप कसा ठेवायचा?

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी किंवा अमावास्येला, जे तुमच्या लक्षात राहील तेव्हा, फोटो आणि कागदपत्रं तिच्यात उतरवा. मग ती काढून कपाटात ठेवा. ती सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं, आणि मग बॅकअप असून नसल्यासारखा. त्यातले अगदी न गमावण्याजोगे फोटो गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवरही ठेवा. डिस्क पडून मोडते, घरात पाणी शिरतं. सांगली, कोल्हापूर आणि चिपळूणच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. अधूनमधून त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहा.

'मी रोबो नाही' म्हणताना विंडोज आणि आर बटण दाबायला सांगतात. दाबू?

कधीच नाही. ही अलीकडची फार धूर्त चाल आहे. ते पान गुपचूप एक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे, ठेवतं. मग विंडोज आणि आर, नंतर कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. तुम्ही स्वतःच्या हाताने ती आज्ञा चालवता आणि पासवर्डचोर आत येतो. लुमा याच वाटेनेही पसरला. खरा कॅप्चा, म्हणजे 'मी रोबो नाही'ची चाचणी, चित्रं निवडायला लावतो किंवा चौकोनात टिचकी मारायला सांगतो, ब्राउझरच्या बाहेर नेत नाही.

चुकून दाबलं गेलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे मोबाइलवरून, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करायला विसरू नका. चोरीला गेलेल्या कुकीजमुळे चोर पासवर्ड नसतानाही आत राहू शकतो. त्यानंतरच संगणक साफ करा. शंका उरत असेल तर विंडोज नव्याने टाकणं चांगलं.

ईमेलमधली फाइल धोक्याची आहे हे कसं ओळखू?

आधी विंडोजची एक सेटिंग बदला. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स', म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारे नावाचे शेवटचे तुकडे, दिसतील असं करा. मे २००० मधला 'आय लव्ह यू' हा किडा 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' अशा नावाने आला होता. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे लोकांना ते साधं प्रेमपत्र वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी तीच युक्ती 'बिल डॉट पीडीएफ डॉट इएक्सई'च्या रूपात चालू आहे.

वीजबिल, कुरिअर, आयकराचा परतावा, कोर्टाची नोटीस अशी ईमेल आली तर आतल्या लिंकवर जाऊ नका. त्या खात्याचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

बँकेची खरी साइट कशी ओळखायची?

पत्त्याचा शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं. नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात आल्या. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. कुलपाच्या चिन्हावर भरवसा ठेवू नका, ते चोरांच्या साइटलाही मिळतं.

पासवर्ड दर महिन्याला बदलावा का?

नको. त्यातून शेवटचा आकडा एकने वाढवायची सवय लागते. पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक खात्याला वेगळा असावा. एका साइटवरून फुटलेला पासवर्ड दहा ठिकाणी लावून बघणं हे चोरांचं रोजचं काम आहे. सगळे लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड जपून ठेवणारं बिटवॉर्डन किंवा कीपास वापरा. आजोबांना ते जमत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवलेले वेगवेगळे पासवर्डही चालतील. इंटरनेटवरचा चोर तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. ईमेलला मात्र दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, हवीच.

वायफायच्या डब्याचं काही करावं लागतं का?

हो, आणि ते बहुतेक कुणी करत नाही. केबलवाला राउटर बसवून जातो आणि त्याच्या आतल्या सेटिंग्जचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' तसाच राहतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले असे साधारण साठ पासवर्ड लावून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तो पासवर्ड बदला, वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत निवडा आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय, बंद करा. वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले.

फाइल्स बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारू नका. डिफेंडरने पेन ड्राइव्ह तपासा, मग 'हिडन आयटम्स' दाखवायला लावून मूळ फाइल्स उचला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत सफाई साधनं मिळतात. छपाईसाठी वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ असावी.

व्हीपीएन घेतलं की सुरक्षित?

नाही. व्हीपीएन तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे झाकून नेतं, एवढंच. व्हायरस, फसवे फोन, खोट्या साइट्स यांपैकी काहीच त्याने थांबत नाही. फुकटचं तर घेऊच नका.

पैसे गेले. पहिलं काय करू?

लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात आणि ते वाटेत गोठवण्यासाठी ही यंत्रणा आहे. इथे खरोखर मिनिटं मोलाची असतात. लाज वाटून दोन दिवस थांबणाऱ्यांचं नुकसान सर्वांत जास्त होतं. त्याच तासात बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी लगेच कळवण्याने फरक पडतो.

जुना संगणक विकताना फाइल्स डिलीट केल्या. पुरे ना?

पुरत नाही, डिलीट केलेल्या फाइल्स परत काढता येतात. सेटिंग्जमधून 'रीसेट धिस पीसी' निवडा, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या आणि पुढच्या पानावर 'क्लीन डेटा' चालू करा. जुन्या फिरत्या डिस्कवर याला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. संगणक बंद पडलेला असेल तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचा विका. दुरुस्तीला देतानाही शक्य तर डिस्क घरी ठेवा. नाहीतर निदान ब्राउझरमधून सगळीकडून साइन आउट करा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज तीच ४८ आकडी की मागतं.